अर्ध्या सुराचा तुकडा

कायतान बरेटो दुकानात आला
तेव्हा अण्णा एका हंड्याचा पोचा काढत होते.
त्याने ऐरणीवर शिंग ठेवलं, जुनं, बिनचाव्यांचं.
चाव्यांची शिंगं कोठीत होती, लाखेच्या शिक्क्याआड,
विलीनीकरणाच्या यादीत, बग्ग्या आणि झुंबरांच्या खाली.
“याला एक नळी पाहिजे. सूर अर्धा उतरेल अशी.”
“अर्धा म्हणजे किती बोटं?”
कायतानने गाऊन दाखवलं. इथून. इथपर्यंत.
अण्णांनी हवेतच माप घेतलं
आणि मला भाता ओढायला सांगितलं.

तीनदा चुकली.
चौथ्यांदा बँडमास्तर अवचट स्वतः येऊन पोत्यावर बसले
आणि पितळ निवेपर्यंत सांगत राहिले:

फार लांबचा एक संस्थानिक.
दलदलीत महाल बांधला त्याने. आरसे जितके, डास तितके.
उन्हाळ्यापुरतं म्हणून सगळी वाजपमंडळी नेली,
बायकापोरं मागे, दिवसभराच्या वाटेवर.
आपल्या हिशेबाने दसरा उलटला,
दिवाळी उंबऱ्याशी आली,
तरी हुजूर हलेनात.
वादक मास्तरांकडे गेले. मास्तरही नोकरच,
सकाळी केसांना पावडर लावून हुकमाची वाट बघणारे.
अर्ज करायची सोय नव्हती,
म्हणून त्यांनी सिंफनी लिहिली.
सूर असा निवडला की शिंगांना नवे तुकडे घडवावे लागले;
घरातली एखादी खोली असते ना, कोणी न उघडलेली, तसा सूर.
शेवटी घोडा चौखूर सुटलेला असताना
अचानक लगाम.
मग संथ.
एकेकाने आपलं वाजवून संपवायचं,
समोरची मेणबत्ती विझवायची,
उठून जायचं. बोलायचं नाही.
दुसऱ्या दिवशी हुजुरांनी गाड्या जुंपायला सांगितल्या.

अण्णांनी विचारलं, “कोणाचा पगार नाही कापला?”
“नाही.”
“मग माणूस चांगला.”
“किंवा कान,” अवचट म्हणाले.

कामाटीबागेत, बँडस्टँडवर, शेवटचा शनिवार.
हुजुरांची खुर्ची मांडलेली, तिच्यावर कोणी नाही.
श्रोते म्हणाल तर दोन माळी, मी, अण्णा
आणि खारी शिंग विकणारा रमणभाई.
आम्ही पोरं हसायचो: बडोद्यात एक शिंग फुंकतात, एक फोडून खातात.
त्या दिवशी हसलो नाही.

मेहबूब शेखने ओबो उतरवला. फुंकर.
मग कायतान. आमची नळी शेवटचं
एक लांब, गढूळ, बरोब्बर बोलली. फुंकर.
खंडू मोहित्याचा तो कपाटाएवढा बास
एकटाच थोडा चालला, घाट चढल्यासारखा, आणि बसला.
दिवे जात होते तसा बागेतला अंधार
पायऱ्या चढून वर येत होता.
उरली दोन व्हायोलिनं, तारांवर चिमटे लावलेली,
भिंतीपलीकडे कोणी कोणाला समजावतंय तशी.
मग तीही.

टाळी वाजवायची की नाही, रमणभाईला कळेना.
पिंजऱ्यातला सिंह एकदा गुरगुरला.
अण्णांनी काडी ओढली, विडीसाठी,
आणि त्या उजेडात मला दिसलं:
कोणी गेलंच नव्हतं.
कठड्याशी सगळे उभे होते, वाद्यं पोटाशी धरून.
तिकडच्यांना घरी जायचं होतं.

नंतर मेहबूब सुरतेला गेला, वरातीच्या बँडमध्ये.
मोहिते जकात नाक्यावर पावत्या फाडायचा.
कायतान नळी परत द्यायला आला, वर्तमानपत्रात गुंडाळून.
“दुसऱ्या कशात बसत नाही,” म्हणाला.
पैसे द्यायचे राहिले होते, तेही म्हणाला.
अण्णांनी ती खिळ्याला टांगली.

आता दुकानात स्टीलच विकतो मी.
भंगारवाला दर दिवाळीला त्या खिळ्याकडे बघतो.
कधी दुपारी, गिऱ्हाईक नसताना,
तोंडाला लावतो. एकच आवाज येतो.
अर्ध्याने उतरलेला, हे मला ठाऊक आहे.
कशापासून, ते सांगायला
शिंग नाही.